टाय लावलेला फोटो

डमडम, कोलकाता
२० ऑगस्ट २०२५

ती. दादांना विजयाचा नमस्कार.

फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन आला की स्पीकर लागतो आणि सगळं घर भोवती येऊन बसतं. शिवाय तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि विषय संपतो. कागदावर तसं करता येत नाही, म्हणून पत्र.

तेराव्याला तुमच्या सारंगने पेपरात दिलेलं निवेदन त्याने मला मोबाईलवर पाठवलं. नूपुरने ते मोठं करून दाखवलं. मी चष्मा लावून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. "कोलकात्यातील नामवंत अभियंता कै. प्रभाकर वाळवेकर." वर एक गृहस्थ, काळा कोट आणि तांबडा टाय. चेहरा ह्यांचा, मानेखालचं सगळं स्टुडिओवाल्याचं. आमची लेक इथेच वाढलेली, तिचं मराठी तुम्हाला ठाऊक आहे. ती म्हणाली, "आई, ये बाबा नाही आहे. कोण आहे ये?" मला हसू आलं, आणि मग इतका राग आला की हातातला चहा तसाच मोरीत ओतला.

दादा, तुमचा धाकटा भाऊ अभियंता नव्हता. गावातल्या गलाईवाल्यांबरोबर सोनं आटवायला म्हणून तो इथे आला, ॲसिडच्या धुराने खोकून बेजार झाला आणि बडाबाजार सोडून नदीपलीकडे हावड्याला लाँच दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये शिरला. तिथेच म्हातारा झाला. पहिल्या दिवशी तिथल्या लोकांनी मराठी म्हणून त्याला "बर्गी" म्हणून चिडवलं. बर्गी म्हणजे पूर्वी बंगाल लुटायला आलेले मराठे स्वार; त्यांची भीती घालून इथे पोरांना झोपवत. निवृत्त झाला तेव्हा तोच "बर्गीदा" झाला होता, आणि निरोपाच्या दिवशी दोन्ही काठांवरचे लाँचवाले जेवायला होते. जुलैत ह्यांना नेलं तेव्हा खांदा द्यायला नातेवाईक नव्हते, कारण नातेवाईक इथे कुणी नाहीतच. तरी माझ्या दारात उभं राहायला जागा उरली नव्हती. त्यातला एकही माणूस अभियंत्यासाठी आला नव्हता.

तेव्हा कृपा करून पेपरात दुरुस्ती द्या. मेकॅनिक असं लिहा. फोटो मी दुसरा पाठवते.

अलकावहिनींना नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत?

विजया


तासगाव
२९ ऑगस्ट २०२५

चि. विजयास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. यंदा गणपती साधेपणाने बसवला, आरास केली नाही. प्रभाकर नाही हे अजून खरे वाटत नाही. लहानपणी गणपतीच्या मखराला तो मोटर लावून चक्र फिरवीत असे, ते आठवले.

तुझा राग मी समजू शकतो. दुःखात माणसाला लहानसहान गोष्टी टोचतात. परंतु जरा शांतपणे विचार कर. अभियंता म्हणजे यंत्राचे ज्ञान असलेला मनुष्य. ते ज्ञान प्रभाकरला होते की नव्हते? मग शब्दात चूक ती काय? आणि कोट हा गेलेल्या माणसाचा मान असतो. आपल्याकडे सगळेच लावतात. आपल्या वडिलांच्या फोटोलाही आहे, आणि त्यांनी जन्मात कोट घातला नव्हता. पेपरात दुरुस्ती दिली तर लोक हसतील, आणि हसतील ते प्रभाकरलाच.

आता एक आनंदाची गोष्ट. ज्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो तिथल्या नव्या वाचनालयाला प्रभाकरचे नाव देण्याचे ठरले आहे. संगमरवरी शिला तयार होत आहे. मजकूर मीच दिला: "कै. अभियंता प्रभाकर वाळवेकर स्मृती वाचनालय." अक्षरे कोरून झाली. दसऱ्याला अनावरण आहे. तू आणि नूपुरने यावे, पडदा तुझ्या हस्ते सरकवायचा आहे. तिकिटांचे सारंग बघेल.

गुडघे आहेत तसेच.

चंद्रकांत


डमडम
५ सप्टेंबर २०२५

दादा,

पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे शुद्ध आणि नेहमीप्रमाणे माझ्या प्रश्नाचं उत्तर सोडून सगळं असलेलं.

लोक ह्यांना हसतील म्हणता. मग सारंगच्या लग्नातली गोष्ट सांगते. कार्यालयात वीज गेली आणि जनरेटर सुरू होईना. हे उठले. तुम्ही दंडाला धरून त्यांना खाली बसवलंत आणि कानाशी म्हणालात, "इथे नको, पाहुणे बघतायत." मी शेजारीच होते. बाहेरून माणूस येईपर्यंत सगळं कार्यालय घामाने निथळत बसलं, आणि तिथला एकमेव माणूस ज्याला ते जमलं असतं तो खिशात हात घालून बसला. ते हात जेवणाच्या पंगतीपर्यंत बाहेर आले नाहीत. पेपरातला चेहरा तुम्ही त्याच लग्नाच्या फोटोतून कापून घेतला आहे. मी ओळखला.

तासगावला यायचं ठरलं की आठवडाभर आधीपासून हे मोरीत बसून सोडा आणि लिंबाच्या साली नखांवर घासत. कातडं सोलून निघे, पण नखांच्या कडेची काळी रेघ काही जात नसे. मी म्हणायची, राहू द्या ना. ते म्हणत, "दादाला बरं वाटतं." तुमच्याविरुद्ध त्यांनी जन्मात एक शब्द काढला नाही. म्हणून आता मला काढावा लागतो आहे.

आणि तो मेकॅनिक कसा होता तेही ऐका, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. इंजिन दुरुस्त झालं की बाकीचे मिस्त्री हात धुऊन घरी जातात. हे तिकीट काढून पहिल्या फेरीला प्रवाशांबरोबर बसत, बरोबर इंजिनावरच्या बाकावर. वर्कशॉपचे प्रमुख तपनबाबू त्यांना चिडवत की बर्गीदाचा स्वतःच्याच कामावर भरवसा नाही. हे म्हणत, "मध्ये बंद पडलं तर लोकांबरोबर मीही तिथे अडकलेला असावा." त्यापायी घरी यायला उशीर व्हायचा आणि मी भांडायची. नूपुर तान्ही होती तेव्हा बोटांच्या भेगा तिला टोचतील म्हणून हे मुठी मिटून तिला नुसत्या मनगटांवर झुलवत. तिला अजून डिझेलच्या वासाने झोप येते, असं ती तिच्या ऑफिसात सांगते. लाजत नाही. लाजावं असं तिला कुणी शिकवलं नाही.

तेव्हा शिलेवर मेकॅनिक लिहा, नाहीतर माझ्या नवऱ्याचं नाव तिथे नको. पडदा ओढायला मी येणार नाही.

शिवाय त्याआधी मला इथे काम आहे. सतरा तारखेला विश्वकर्मा पूजा आहे. त्या दिवशी इथे कारखान्या-कारखान्यात मूर्ती बसते आणि हत्यारं देवापुढे ठेवतात. ह्यांच्या वर्कशॉपची रीत अशी की मिस्त्री गेला की त्या वर्षी त्याची हत्यारं देवापुढे मांडायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने ती आपल्या हातांनी साथीदारांना वाटायची. तपनबाबू सांगून गेलेत. मी जाणार आहे.

विजया


तासगाव
११ सप्टेंबर २०२५

चि. विजयास आशीर्वाद.

पितृपक्ष चालू आहे. प्रभाकरला जाऊन वर्ष तर सोडच, दोन महिनेही झालेले नाहीत. अशा काळात पूजा, मूर्ती, वाद्ये हे आपल्याकडे चालत नाही, आणि घरातल्या स्त्रीने तिथे जाणे तर मुळीच नाही. बंगाल्यांचे बंगाल्यांना लखलाभ. तू जाऊ नयेस असे मी वडीलकीच्या नात्याने सांगतो.

शिला ठरल्याप्रमाणे लागेल. अक्षरे कोरलेली आहेत, ती पुसता येत नाहीत.

चंद्रकांत


तासगाव
१२ सप्टेंबर

प्रिय विजया,

(नावाआधी काय लिहायचं ते मला सुचत नाही. सौ. लिहायची सवय, आणि दुसरं लिहायला हात होत नाही. म्हणून नुसतं नाव.)

ह्यांचं पत्र तुला मिळालं असेल. हे माझं वेगळं, स्वतः पोस्टात जाऊन टाकते आहे. घरी सांगितलंय की भाजी आणायला जाते. या वयात चोरून पत्र लिहायची वेळ आली बघ.

तुझं पाच तारखेचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं नाही. नेहमी दाखवतात. मी ते उशीखालून काढून वाचलं. जनरेटरचं मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, भाऊजींना त्या दिवशी बरं नाही.

तू समजतेस तेवढं मात्र ते सरळ नाही. ह्यांना भाऊजींची लाज होती असं तू धरून चालली आहेस. थोडी असेलही, नाही म्हणत नाही. गलाईवाल्यांचे बंगले उठले गावात, आणि आमचा माणूस ग्रीसमध्ये. पण खरं दुखणं वेगळं आहे. तुमचं लग्न ठरवायला हे मिरजेला तुझ्या वडिलांकडे गेले होते ना, तेव्हा मुलगा इंजिनिअर आहे असं ह्यांनीच सांगितलं. तुझे वडील कोर्टात नोकरीला, एकुलती एक मुलगी; मेकॅनिकला देतील की नाही याची धास्ती. लग्न झालं, संसार चांगला झाला, पण ते खोटं ह्यांच्या गळ्याशी बसलं ते बसलंच. आता संगमरवरावर मेकॅनिक लिहिलं तर तुझ्या माहेरची माणसं म्हणतील की मास्तरने आपल्याला फसवलं, आणि तुलाही उतारवयात माहेरून कळेल की आपलं लग्न दादांनी खोटं सांगून ठरवलं. ह्यांना वाटतं, तू नुसती रागाने भांडते आहेस, आणि हे तुला त्यातून वाचवतायत.

हे तुला कळू द्यायचं नाही अशी मला शपथ आहे. ती आज मोडली. तू पूजेला जा. मला नंतर सगळं लिही. पत्ता माझ्या नावाचा घाल, पोस्टमन ओळखीचा आहे.

अलका


डमडम
२० सप्टेंबर २०२५

प्रिय अलकावहिनी,

नुसतं नाव पुरे. मला आवडलं.

गेले. नेहमीची टिकली लावून, निळी साडी नेसून गेले. सकाळी मेट्रोने निघाले, घाटावरून लाँच घेतली, पलीकडे तपनबाबू उतरून घ्यायला उभे. आकाशात पतंगच पतंग. वर्कशॉपमध्ये हत्तीवर बसलेला विश्वकर्मा, त्याच्या पायाशी लाल कापडावर ह्यांची हत्यारं. कुणीतरी ती तेल लावून पुसली होती. एवढी स्वच्छ मी ती कधी पाहिली नव्हती. नूपुरने सुट्टी घेतली होती. माझी एकादशी, त्यामुळे खिचडीचा प्रसाद तिने माझ्या वाटणीचाही खाल्ला. दादांना एवढं तरी सांग की एकादशी मोडली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तपनबाबू म्हणाले, "बौदी, आपनि निजेर हाते दिन." म्हणजे, "वहिनी, तुम्ही स्वतःच्या हातांनी द्या." मी एकेक उचलत गेले. बिहारातल्या छपऱ्याचे सुरेश मिस्त्री हातोडी घेताना रडले, आणि ते रडले म्हणून बाकीचेही रडले. मी नाही रडले. मला फार अभिमान वाटत होता, वहिनी. पितृपक्ष आहे म्हणाले ना दादा? मग याहून वेगळं श्राद्ध मला माहीत नाही.

नंतर त्यांनी मला एका नुकत्याच दुरुस्त झालेल्या लाँचवर नेलं आणि इंजिनावरच्या बाकावर बसवलं. तो बाक रिकामा ठेवला होता. तिकीटवाला पैसे घेईना, मी भांडून तिकीट काढलं. ते काढायचेच. नदीच्या मध्यावर आले तेव्हा पायांखाली इंजिन नीट चालत होतं, आणि इतकी वर्षं ज्या उशिरापायी मी भांडले तो उशीर कशासाठी होता ते मला बसल्या जागी कळलं.

आता मिरजेचं. दादांना सांग किंवा नको सांगू, पण तू ऐक. मुलगी बघायला आले होते तेव्हा सगळं बोलणं दादाच करत होते. हे मान खाली घालून पाणी प्यायले. पेला मी आत नेला, तर त्यावर अंगठ्याचा काळा ठसा. ऑफिसात बसणाऱ्या माणसाचा अंगठा तसा उमटत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. मी तो पेला माझ्या वडिलांना, आप्पांना दाखवला. आप्पा म्हणाले, "मीही पाहिलं. भाऊ इंजिनिअर इंजिनिअर म्हणतोय आणि मुलगा दर वेळी जमिनीकडे बघतोय. खोटं त्याला सोसत नाही. तुझी तयारी असेल तर मुलगा चांगला आहे." माझी तयारी होती.

म्हणजे फसलं कुणीच नव्हतं. दादांनी एवढी वर्षं ज्याचं ओझं वाहिलं ते आमच्या घरी पहिल्या दिवशीच धुऊन पालथं घातलं होतं. हे मी आधी का बोलले नाही? कारण मला वाटलं, दादांना माहीत आहे की आम्हाला माहीत आहे.

पण म्हणून शिलेचं मी सोडलेलं नाही. ओझं उतरलं तरी शब्द चुकीचाच आहे.

बरोबर एक पाना पाठवते आहे. सगळं वाटलं, हा एक ठेवला. दांडा त्यांच्या अंगठ्याने झिजलाय, हात लावून बघ.

विजया


तासगाव
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय विजया,

आधी घडलं ते सांगते, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझं पत्र वाचलं त्याच दुपारी मी मार्बलवाल्याकडे गेले. शिला भिंतीला टेकून उभी होती, सुरेख अक्षरं, अभियंता आणि सगळं. म्हटलं, यातला शब्द बदला. म्हणाला, बाई, कोरलेलं बुजत नाही. मग मी विचारलं, दगडाला मागची बाजू असते ना? म्हणाला, मागून खरखरीत आहे, पॉलिश तेवढं चढणार नाही. म्हटलं, चालेल, माणूसही तसाच होता. सरांनी सांगितलंय का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात मुख्याध्यापकांच्या नावावर मी खपवलेलं हे पहिलं खोटं, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

दसऱ्याला सकाळी तुझा पाना मी पूजेत ठेवला, ह्यांच्या पुस्तकांशेजारी. ह्यांनी पाहिला. हळद-कुंकू वाहताना त्याच्यावरून हात पुढे नेला, मग परत आणला आणि त्यालाही वाहिलं.

दुपारी शाळेत गर्दी होती. तू आली नाहीस म्हणून पडदा ह्यांनीच सरकवला. "प्रभाकर वाळवेकर स्मृती वाचनालय", आणि खाली, "लाँच मेकॅनिक, हावडा." मी पहिल्या रांगेत बसले होते. ह्यांची पाठ दिसत होती फक्त. ती पाठ इतका वेळ हलली नाही की शाळेचा शिपाई पाण्याचा पेला घेऊन पुढे आला. मग ह्यांनी वळून, वर्गात वाचायचे तशा आवाजात, शिला मोठ्याने वाचली. एकही शब्द गाळला नाही.

मागून एक माणूस उठला, एसटी डेपोतला मेकॅनिक, खाकी कपड्यांतच आलेला. त्याने विचारलं, सर, लाँचचे मेकॅनिक म्हणजे काय काम करायचे? मला वाटलं आता संपलं, ह्यांना काय माहीत. पण हे बोलायला लागले. इंजिन दुरुस्त झालं की माझा भाऊ तिकीट काढून पहिल्या फेरीला लोकांबरोबर बसायचा, म्हणाले. मध्ये बंद पडलं तर मीही तिथे असावा, असं म्हणायचा. तुझ्या पत्रातलं शब्द न् शब्द, विजया. तुझं पत्र ह्यांना पाठ झालं आहे. आणि "माझा भाऊ" म्हणताना आवाज फाटला तो शेवटपर्यंत नीट झाला नाही. डेपोतले लोक मागे पाच-सहा होते, ते उभे राहिले. मग सगळेच राहिले.

घरी आल्यापासून माझ्याशी अबोला आहे. चहा मात्र मागतात, म्हणजे कप पुढे सरकवतात. मी ओतते. काल रात्री जेवताना मी ह्यांना पेल्यावरच्या ठशाची गोष्ट सांगितली. नंतर उठून माळ्यावरचे जुने अल्बम काढून बसले. काय शोधतायत ते सांगत नाहीत.

मी माफी मागणार नाही म्हटलंय. बघू कोण आधी बोलतं.

अलका


तासगाव
१३ ऑक्टोबर २०२५

चि. विजयास आशीर्वाद.

वाचनालयात शिलेच्या वर फोटोची जागा रिकामी आहे. सारंगने कोटातला फोटो मोठा करून आणला होता. तो लावल्यावर पाचवीतल्या एका मुलीने मला विचारले की हे मेकॅनिक होते तर टाय का लावला आहे. फोटो उतरवून घेतला.

आमच्याकडचे सर्व अल्बम मी पाहिले. प्रभाकर प्रत्येक वेळी खिशात हात घालून उभा आहे, किंवा पाठीमागे बांधून. सारंगच्या मुंजीतल्या फोटोत तर त्याने ते माझ्या उपरण्याखाली घेतले आहेत. मी शेजारी उभा आहे आणि हसतो आहे.

तुझ्याकडे असेल तो एक पाठव. जुना चालेल, कपडे कसेही चालतील. मात्र त्याचे हात दिसतील असा पाहून पाठव.

चंद्रकांत